मैत्रिणींना ‘हे टाकू नका’ कसं सांगायचं, आणि कधी

प्रश्न : मी कोथरूडला राहते, हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी करते. कॉलेजपासूनच्या आम्ही सहा मैत्रिणी. त्यांतल्या एकीचं केळवण केलं, तेव्हा मला चौथा महिना असल्याचं मी सगळ्यांना सांगितलं. आधी एकदा गर्भपात झालाय, म्हणून ऑफिसात आणि सासरच्या लांबच्या नात्यात अजून कुणाला कळवलं नव्हतं. एका मैत्रिणीने त्याच रात्री ‘लवकरच मावशी होणार’ अशी स्टोरी मला टॅग करून टाकली. तिच्या यादीत माझी एक सहकारी होती. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने अभिनंदन केलं, आणि साताऱ्याच्या चुलत सासूबाई ‘आम्हाला बाहेरून कळतं’ म्हणून रुसल्या. मैत्रिणीला बोलले तर म्हणाली, ‘क्लोज फ्रेंड्सनाच टाकलं होतं, तुझ्या आनंदानेच टाकलं ना?’ आता ती बोलत नाही. नवरा म्हणतो, हल्ली एवढं चालायचंच. माझं चुकतंय का? आणि बाळ आल्यावर त्याचे फोटो कुणी कुठे टाकू नयेत असं मला वाटतं, ते सगळ्यांना कसं सांगू?

उत्तर : तुमचं चुकत नाही. पोटातल्या बाळाची बातमी कुणाला, कधी आणि कुणाच्या तोंडून कळावी हे तुम्ही दोघांनी ठरवायचं होतं, ते तुमच्या हातातून गेलं. तुमच्या रागात भीतीही आहे, कारण एकदा तुम्ही गमावलंय. नवऱ्याला ‘चालायचंच’ वाटतं, कारण त्याला चोवीस तासांत पुसली जाणारी एक स्टोरी दिसते. तुम्हाला पुढचे पाच महिने दिसतात, आणि काही कमीजास्त झालं तर ऑफिसातल्या प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागेल हेही दिसतं. त्याला हे अगदी याच शब्दांत सांगा. तुमची भीती त्याला माहीत आहे असं तुम्ही धरून चालला असाल. बहुतेक घरांत ती बोलून झालेली नसते.

आता मैत्रीण. परक्याने असं केलं असतं तर ब्लॉक करून मोकळ्या झाला असतात. हिने प्रेमाने केलं, म्हणून तुम्ही अडकल्या आहात. मी पुण्यात बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते. मैत्रीतली भांडणं आधीही यायची, उसन्या पैशांवरून, मानपानावरून. हल्ली त्यांतली बरीच फोटो, स्टोरी आणि स्क्रीनशॉटवरून येतात. जी अपेक्षा मोडली ती मोडण्याआधी कुणी बोलूनच दाखवलेली नसते, हे या भांडणांत सतत दिसतं. ‘एवढं कळायला नको का?’ हे वाक्य माझ्या खोलीत सारखं ऐकू येतं. खरंच कळत नाही हो. एकीच्या घरी आजारपणसुद्धा सगळ्या वाड्याला माहीत असायचं, दुसरीच्या घरी पगाराचा आकडा आईलाही माहीत नसायचा. दोघी एका बाकावर शिकल्या म्हणून दोघींची मोजमापं एक होत नाहीत.

सँड्रा पेट्रोनिओ या अमेरिकेतल्या संवाद-अभ्यासक. त्यांनी १९९१ मध्ये मांडलेला आणि पुढे वाढवत नेलेला सिद्धांत मला रोजच्या कामात उपयोगी पडतो. त्यांचं म्हणणं असं, की आपली खासगी गोष्ट कुणाला सांगितली की ती व्यक्ती त्या माहितीची सहमालक होते. मग पुढे ती कुणाला, किती आणि कधी सांगायची याचे नियम दोघांनी मिळून ठरवावे लागतात. ठरले नाहीत तर प्रत्येक जण आपापल्या घरच्या नियमाने वागतो आणि तिथे ठिणगी पडते. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवताना आपण ‘कामवाल्या मावशी आल्या तर द्या, बाकी कुणाला नको’ असं सांगूनच ठेवतो, आणि शेजाऱ्यांना त्यात अपमान वाटत नाही. बातमी सांगताना तेवढंच एक वाक्य जोडायचं असतं. ‘मला चौथा महिना आहे, ऑफिसात अजून बोलले नाहीये, तेव्हा कुठेही टाकू नका.’ हे सगळं एका दमात. आनंदाच्या भरात ते राहून जातं, त्यात तुमचा दोष नाही. पण तोंडाला एकदा सवय लागली की आनंदातही ते आपोआप येतं.

‘क्लोज फ्रेंड्सनाच टाकलं होतं’ या तिच्या उत्तराकडे जरा नीट बघा, कारण ती खोटं बोलत नाहीये. इन्स्टाग्रामने ही यादीची सोय २०१८ मध्ये आणली, आणि टाकणाऱ्याला त्यामुळे मनापासून वाटतं की आपण जपून टाकलंय. पण ती यादी तिच्या जवळच्यांची आहे, तुमच्या नाही. तिच्या जिममधली मैत्रीण तिच्यासाठी जवळची. तुमच्यासाठी ती ऑफिसात पलीकडच्या टेबलावर बसणारी बाई. पुण्यात तर एका इंजिनिअरिंग कॉलेजची एक बॅच हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्यात पसरलेली असते. कुणाच्याही यादीत कुणाचा तरी सहकारी निघतोच. शिवाय स्टोरीचा स्क्रीनशॉट काढला तर टाकणाऱ्याला कळतही नाही. म्हणून यादी लहान असली तरी ती विचारण्याची जागा घेत नाही. तिला समजावताना हाच मुद्दा धरा. ‘तू जपूनच टाकलंस, मला माहितीये. पण तुझ्या यादीत माझ्या ऑफिसातली ती आहे, आणि तुला ते माहीत असायचं कारणच नव्हतं. म्हणूनच आधी विचारायचं.’ या वाक्यात तिच्यावर आरोप नाही आणि तुमचं म्हणणं पूर्ण आहे.

अबोला तुम्ही मोडा, आणि लवकर मोडा. मेसेजवर नको. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, आणि दुखावलेला माणूस त्यात आपलाच आवाज भरतो. भेटा, नाहीतर फोन करा. आधी तिचा आनंद खरा होता हे मान्य करा, मग तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा: मॅनेजरसमोर उभं राहून न ठरवलेलं बोलावं लागलं, साताऱ्याला माफी मागावी लागली. एवढं झालं की पुढचं मागणं एकच ठेवा. ‘माझ्याबद्दलचं काही टाकायच्या आधी मला विचार.’ मागच्या पाच वर्षांतल्या चुका त्या दिवशी काढू नका. आणि इतर चौघींना या भांडणात पंच करू नका. ग्रुपवर तर हा विषय अजिबात काढू नका. चारचौघांत चूक कबूल करायला लागली की माणूस चुकीपेक्षा अब्रू सांभाळतो. साताऱ्याच्या सासूबाईंचा रुसवाही फोनवर सुटण्यातला आहे. तो फोन नवऱ्याने करावा, नातं त्याचं आहे.

आता मुख्य गोष्ट: पुढे कसं सांगायचं.

लोकांना वाटतं, एकदा सगळ्यांना ‘माझी प्रायव्हसी जपा’ असं सांगितलं की झालं. त्याने काहीच होत नाही. समोरच्याला त्यातून नेमकं काय करायचं ते कळत नाही, उलट आपल्यावर अविश्वास दाखवला असं मात्र वाटतं. मागणं नेमकं असावं लागतं. कोणती गोष्ट, कुठे टाकायची नाही, आणि किती काळ. ‘बाळ होईपर्यंत माझ्या तब्येतीबद्दल कुठेच काही नको, स्टेटसलाही नको’ हे कुणालाही पाळता येतं. त्याच्यासोबत काय चालेल तेही सांगा. ‘फोटो आपल्या सहा जणींच्या ग्रुपवर हवे तेवढे टाका, मला ते हवेच आहेत.’ नकाराच्या जोडीला होकार आला की मागणं तुसडं वाटत नाही.

आणि कारण देऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे पटायला वेळ लागतो. आपल्याला भीड वाटते, म्हणून आपण कारणं रचतो: ऑफिसची पॉलिसी आहे, नवऱ्याला आवडत नाही, नजर लागते. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. नजर लागते म्हणालात तर ‘तीट लावू की’ असं उत्तर येतं. नवऱ्याला आवडत नाही म्हणालात तर मैत्रिणी थेट नवऱ्यालाच विचारतात, आणि तो बिचारा म्हणतो, ‘मला? मला काही नाही.’ ‘मला नकोय’ या दोन शब्दांवर वाद घालायला जागा नसते. ते शब्द कठोर वाटत असतील तर आवाज मऊ ठेवा, शब्द तेच ठेवा. ज्या मैत्रिणीला कारण मनापासून सांगावंसं वाटतं तिला जरूर सांगा, पण ते तुमच्या इच्छेने, फोटो काढून टाकण्याची किंमत म्हणून नको.

तुम्हाला काय उत्तरं येतील तेही सांगते, म्हणजे ऐनवेळी गडबडायला होणार नाही. ‘कोण बघतंय गं एवढं?’ यावर, ‘कुणी नाही बघितलं तरी मला नकोय.’ ‘सगळ्यांचा फोटो आहे, तुझ्या एकटीसाठी काढू का?’ यावर, ‘काढू नको, मला कापून टाक, नाहीतर मी नसलेला दुसरा टाक.’ ‘मागच्या दिवाळीला तर तूच ढीगभर टाकले होतेस’ यावर, ‘हो, टाकले होते. आता नाही टाकत.’ माणसाला मत बदलता येतं आणि त्याचा खुलासा देणं लागत नाही. ‘विचारत बसायचं म्हणजे मजाच जाते’ ही तक्रार मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय तुमच्याच हातात आहे: कुणी फोटो पाठवून विचारलं तर लगेच उत्तर द्या, आणि जिथे चालत असेल तिथे मोकळेपणाने हो म्हणा. विचारल्यावर दोन दिवस उत्तर न देणाऱ्या माणसाला पुढे कुणी विचारत नाही.

टाकून झालंय आणि काढायला सांगायचंय, अशा वेळी फक्त दोन वाक्यं, आणि तीही खासगीत. ‘ती स्टोरी काढशील का? नंतर निवांत बोलू.’ बस. आधी काम होऊ द्या. वेळेलाही महत्त्व आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण अडीच दिवस मिळतात. ग्रुपचा अ‍ॅडमिन इतरांचे मेसेजही सगळ्यांसाठी काढू शकतो. स्टोरी चोवीस तासांनी जाते, पण हायलाइट्समध्ये ठेवली तर वर्षानुवर्षं राहते, म्हणून ‘हायलाइटमध्ये ठेवू नकोस’ हे वेगळं सांगा.

तुम्ही विचाराल, कशाकशाबद्दल सांगून ठेवायचं? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दुखापत अजून पक्क्या न झालेल्या गोष्टींनी होते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा माझ्याकडे यायचा. मुख्य परीक्षा पास झाली, तेव्हा खोलीतल्या मित्रांनी त्याला गुलाल लावला आणि ‘भावी साहेब’ लिहून फोटो टाकला. तो फोटो त्याच्या गावच्या ग्रुपवर गेला. मधला टप्पा आणि निकाल यांतला फरक गावात कुणाला समजावणार? मुलाखतीनंतर अंतिम यादीत नाव आलं नाही. पुढची दिवाळी तो घरी गेला नाही. मित्रांवर त्याचा राग नव्हता, पण वडिलांना येणारे अभिनंदनाचे फोन त्याला झोपू देत नव्हते. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं; ती गोष्ट फक्त पूर्ण झालेली नव्हती. नोकरीची ऑफर, लग्नाची बोलणी, कर्जाचं प्रकरण, तपासण्यांचे रिपोर्ट, गर्भारपण, सगळं याच जातीचं. मित्रांना एवढं सांगून ठेवा: ‘मी स्वतः टाकेपर्यंत कुणी टाकायचं नाही.’ लक्षात ठेवायला सोपा आणि सगळीकडे लागू पडणारा असा हा नियम आहे. तुमच्या सहा जणींच्या ग्रुपलाही मी हाच सुचवीन.

दुसरी गोष्ट, आपण आत्ता कुठे आहोत ही. तिच्याबद्दल फार बोलत नाही, पण एक पाहिलेलं सांगते. एका ढोलताशा पथकातल्या मुलीच्या मागे एक माणूस लागला होता. पथकाचं पेज नदीपात्रातल्या सरावाचे व्हिडिओ तिथून थेट टाकायचं, आणि हा माणूस सराव सुटायच्या वेळेला बाहेर उभा. तिने पथकप्रमुखांना सगळी कहाणी सांगितली नाही. एवढंच म्हणाली, ‘दादा, सरावाचे व्हिडिओ दुसऱ्या दिवशी टाकता येतील का? आम्हा मुलींना बरं पडेल.’ त्यांनी लगेच बदललं. मागणं लहान होतं आणि ते मान्य करताना कुणाचंच काही जात नव्हतं. सकाळी वेताळ टेकडी किंवा तळजाईला पळायला जाणाऱ्यांनीही हेच बघावं: पळण्याचा मार्ग नोंदवणाऱ्या अ‍ॅपमध्ये सुरुवातीचं आणि शेवटचं टोक लपवायची सोय असते. ते टोक म्हणजे आपल्या घराचं दार असतं, आणि ग्रुपमध्ये मार्ग शेअर करणारा मित्र ते नकळत दाखवत असतो.

सेटिंग्जबद्दल थोडक्यात. त्या जरूर करा, पण त्यांची मर्यादा समजून घ्या. इन्स्टाग्राम आणि फेसबुक दोन्हींवर ‘मला टॅग केलेलं मी बघून मान्य करीन’ अशी सोय आहे. ती लावली की टॅग तुमच्या प्रोफाइलवर तुमच्या परवानगीशिवाय येत नाही. पण मैत्रिणीच्या भिंतीवर तो फोटो आहे तसाच राहतो. टॅग काढला तरी फोटो जात नाही. फेसबुकवर टॅग झालेल्याच्या मित्रांनाही ती पोस्ट दिसू शकते, त्यामुळे ‘तुझ्या मित्रांपुरतंच ठेव, पण मला टॅग करू नकोस’ हे सांगण्यात अर्थ आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं हे ठरवता येतं. ते ‘माझे संपर्क’वर आणा. तुम्ही स्वतः स्टेटस ठेवता तेव्हा निवडक लोकांनाच दाखवायची सोय वापरा. २०२५ मध्ये आलेल्या नव्या सेटिंगने चॅट एक्स्पोर्ट करणं आणि फोटो आपोआप इतरांच्या फोनमध्ये उतरणं बंद करता येतं. तुमच्या लहान ग्रुपला ते लावून घ्या. एकदाच बघता येणारा फोटो पाठवला तर त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही, पण शेजारी दुसरा फोन धरून त्याचा फोटो काढता येतोच. सेटिंग अनोळखी माणसाला अडवते. ज्याला आपण आपल्या ताटावर बसवलंय त्याला फक्त आपलं बोलणंच अडवू शकतं.

कायदा इथे किती मदतीला येतो, हेही लोक विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात, खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल एकमताने दिला. तुमचे यजमान ‘एवढं काय’ म्हणतात त्या गोष्टीला या देशात एवढा मान आहे, हे त्यांना माहीत असू द्या. पण तो निकाल मुख्यतः सरकार आणि नागरिक यांच्यातला आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागूच होत नाही. म्हणजे केळवणाची स्टोरी त्याच्या बाहेर. मैत्रीतलं हे अंगण कायद्याने आपल्यावरच सोडलंय, आणि ते मला योग्य वाटतं. मैत्रिणीला नोटीस पाठवून कुणाचं भलं होत नाही.

एक अपवाद मात्र ठामपणे सांगते, कारण इथे मुली गप्प बसतात. कुणी तुमचा अंगप्रदर्शन करणारा किंवा खासगी क्षणाचा फोटो, व्हिडिओ तुमच्या संमतीशिवाय पसरवला, किंवा पसरवीन म्हणून धमकी दिली, तर तो मैत्रीतला गैरसमज राहत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुप्तांगांचं चित्र संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये तर स्पष्टच म्हटलंय, की स्त्रीने असा फोटो काढायला संमती दिली असली पण तो पसरवायला दिली नसली, तरी पसरवणं गुन्हाच. ‘तूच पाठवला होतास ना’ हा बचाव चालत नाही. स्क्रीनशॉट, लिंक आणि तारखा जपून ठेवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. हिंजवडीचा भाग पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतो आणि कोथरूड पुणे शहर आयुक्तालयात, पण हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सेवाही आहे. तिच्यात फोटो कुठे पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो आपल्याकडे अडवतात.

आता बाळाचं. इथे मैत्रिणींपेक्षा नातेवाईक अवघड जातात, कारण तिथे ‘मला नकोय’ म्हणायला वय आणि नातं आड येतं. पहिलं काम तुम्ही आणि नवऱ्याने करायचंय: दोघांनी बसून एकच उत्तर ठरवा. चेहरा अजिबात नको, की पाठमोरा चालेल? कौटुंबिक ग्रुपवर चालेल का? त्या ग्रुपमध्ये किती जण आहेत, आणि त्यांतल्या किती जणांना तुम्ही तोंडाने ओळखता? तुमच्यात मतभेद असतील तर ते तिथेच संपवा, कारण बाहेर एकाने हो आणि एकाने नाही म्हटलं की लोक हो ऐकतात. मग ज्याची माणसं त्याने सांगायचं. तुमच्या आईला, मावशीला तुम्ही. त्याच्या आईला, आत्याला तो.

बारशाला नाव ठेवणारी आत्या म्हणजे हक्काचं माणूस, तिला फोटो टाकावासा वाटणारच. नवऱ्याने तिला आधीच असं सांगावं: ‘आत्या, बाळाचे फोटो मी तुम्हाला स्वतः पाठवणार आहे, सगळ्यांच्या आधी पाठवणार आहे. फक्त स्टेटसला आणि फेसबुकला ठेवू नका, आम्ही दोघांनी तसं ठरवलंय.’ ‘आम्ही दोघांनी’ हे शब्द सोडू नका. आणि ‘पाठवणार आहे’ हे वचन पाळा. मी पाहिलंय, ज्या आजीला रोज एक फोटो मिळतो ती स्टेटसचा हट्ट धरत नाही. जिला महिनाभर काहीच मिळत नाही ती भेटीला आल्यावर काढलेला एकुलता एक फोटो जगाला दाखवते. एक शेअर केलेला अल्बम करा, त्याची लिंकने उघडायची सोय बंद ठेवा, निवडक माणसांना नावाने घ्या. जे फोन फारसा वापरत नाहीत त्यांना दोन फोटो छापून द्या.

हॉस्पिटलमध्ये पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात फोनवर असतात, म्हणून ते आधीच बोला. बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर तुमचं नाव असतं, पाळण्याच्या चिठ्ठीवर तारीख, वेळ, वजन. हौसेने काढलेल्या पहिल्या फोटोत एका नव्या माणसाची निम्मी ओळख छापलेली असते. बातमी कुणी, कुणाला, कोणत्या क्रमाने द्यायची हे नवऱ्याने कागदावर लिहून ठेवावं, आणि त्या यादीतले फोन पूर्ण होईपर्यंत कुणी काही ठेवणार नाही असं खोलीतल्या सगळ्यांना एकदा मोठ्याने सांगावं.

तुमच्याकडूनही काही लागेल. मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो टाकण्याआधी तुम्ही तिला विचाराल का? कॉलेजमधले जुने फोटो, ज्यांत कुणाचा तरी मोडलेला साखरपुडा आहे, ते तुमच्या प्रोफाइलवर अजून आहेत का? एकदा मागे जाऊन बघा आणि ज्यांचे आहेत त्यांना विचारा. हे केलंत की तुमचं मागणं नखरा वाटणार नाही, कारण तेच तुम्ही इतरांना देत असाल. अनेकदा असं होतं, की एकीने विचारायला सुरुवात केली की ग्रुपमधली दुसरी हळूच म्हणते, ‘बरं झालं तू बोललीस, माझाही तो ट्रिपचा फोटो काढ ना.’

डोहाळजेवण करणार असाल तर फोटोग्राफरचं विसरू नका. पुण्यातले बरेच फोटोग्राफर, मेकअप करणाऱ्या आणि फुलांचे दागिने करणाऱ्या आपल्या कामाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकतात, ते त्यांचं पोट आहे, आणि बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला टॅगही करतात. बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा: ‘आमचे फोटो किंवा व्हिडिओ तुमच्या पेजवर, रीलमध्ये किंवा जाहिरातीत वापरू नयेत.’ त्यांचं ‘ओके’ आल्यावरच आगाऊ रक्कम द्या. कुणी त्यासाठी थोडे जास्त पैसे मागितले तर देणं परवडतं का ते बघा, किंवा फक्त दागिन्यांचे, चेहरा नसलेले फोटो वापरायला परवानगी द्या. बाळाच्या फोटोशूटला आणि बारशालाही हाच मेसेज पुन्हा वेगळा पाठवा. डोहाळजेवणाला दिलेला नकार त्यांना सहा महिन्यांनी आठवत नसतो.